अर्धमुखी रेस्पिरेटर : डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजातील आठ महिन्यांचा वापर

मागच्या जुलैत इंदूरच्या सियागंजातील सुरक्षासाहित्याच्या एका दुकानातून मी आमच्या गॅरेजसाठी तीन अर्धमुखी रेस्पिरेटर आणले. नाक, तोंड आणि हनुवटी झाकणारा, रबरासारख्या मऊ पदार्थाचा हा मुखवटा असतो. त्याच्या दोन्ही बाजूंना रासायनिक वाफा शोषणारी कार्ट्रिज बसतात आणि कार्ट्रिजवर धूळ व फवारा अडवणारी चकती झाकणाने दाबून बसवावी लागते. मुखवटा, कार्ट्रिजची एक जोडी आणि चकत्या मिळून एका माणसाचा संच अडीच हजार रुपयांच्या आत पडला. पालद्यातील आमच्या गॅरेजात माझ्यासह पाच माणसे काम करतात आणि त्यांपैकी तिघांचा दिवस पुट्टी, प्रायमर आणि रंग यांतच जातो. आता मार्च सरत आला आहे. या काळात पावसाळा, हिवाळा आणि उन्हाची पहिली झळ अशा तिन्ही ऋतूंत हे मुखवटे वापरून झाले असल्यामुळे त्यांच्याविषयी काही जबाबदारीने लिहिता येईल असे वाटते.

खरेदीचे कारण आमचे उस्ताद होते. माझ्या वडिलांच्या वेळेपासून ते आमच्याकडे रंगकाम करतात आणि शेड जुळवण्यात त्यांच्या नजरेची बरोबरी करणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. गेली दोन वर्षे त्यांना रात्रीचा खोकला येत असे आणि झोपेतून उठून बसावे लागत असे. दिवसा काम करताना मात्र विशेष त्रास नसल्याने तो धुळीचा, हवापालटाचा किंवा वयाचा परिणाम आहे असे त्यांनी आणि आम्हीही धरून चाललो होतो. जूनमध्ये ईदसाठी ते दहा दिवस गावी गेले, तेव्हा पाचव्या-सहाव्या दिवसापासून खोकला थांबला. परत येऊन काम सुरू केले आणि तिसऱ्या रात्री तो पुन्हा सुरू झाला. हे त्यांनी मला चहा घेताना सहज सांगितले. त्या सहज सांगण्याने मी मात्र अस्वस्थ झालो, कारण जो आजार सुट्टीत जातो आणि कामावर परततो त्याचे मूळ घरात शोधण्यात अर्थ नसतो.

तोवर आमच्याकडे संरक्षण म्हणून जे होते ते सांगायला मला संकोच वाटतो. रंग मारताना तोंडावर ओला रुमाल किंवा गमछा बांधायचा आणि संध्याकाळी प्रत्येकाला गुळाचा खडा द्यायचा, ही वडिलांच्या काळापासूनची पद्धत होती. गूळ देण्यामागची त्यांची माया खरी होती. पण गूळ पोटात जातो, फुप्फुसात जात नाही, आणि तिथे बसलेले काहीही तो बाहेर काढू शकत नाही. रुमालाच्या विणीतून थिनरची वाफ जशीच्या तशी आत येते. करोनाकाळात उरलेले एन-९५ मास्कही आम्ही काही दिवस वापरले. ते कणांसाठी केलेले असतात आणि ०.३ मायक्रॉनच्या आसपासचे किमान ९५ टक्के कण अडवतात, परंतु वायू आणि वाफ त्यांतून सरळ पार होते. पुट्टी घासताना ते उपयोगी पडतात, थिनरपुढे त्यांचा काही उपयोग नाही.

मुखवट्याचे मूल्यमापन करायचे तर तो कशाविरुद्ध वापरायचा हे आधी पाहिले पाहिजे, कारण रंगकामाच्या खोलीत एकच विष नसते. थिनरमध्ये टोल्युईन, झायलीन, ॲसिटोन, ब्युटाइल ॲसिटेट यांसारखी द्रावके असतात. डोके जड होणे, चक्कर येणे, चिडचिड होणे ही त्यांची तात्काळ लक्षणे आहेत, आणि वर्षानुवर्षे संपर्क राहिला तर मेंदू व श्रवणशक्ती यांवर परिणाम होतो. पुट्टीमध्ये स्टायरिन असते आणि ती सुकल्यावर पॉलिश पेपरने घासताना बारीक धूळ उडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने रंगाऱ्याचा व्यवसायच १९८९ मध्ये मानवात कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात टाकला आहे. तरीही आमच्या कामात सर्वांत जास्त जपायची वस्तू म्हणजे हार्डनरचा, म्हणजे रंग कडक करणाऱ्या घटकाचा, लहान डबा. टू-के म्हणजे दोन घटकांचा रंग. क्लिअर कोटमध्ये, म्हणजे सर्वांत वरच्या पारदर्शक थरात, आणि बहुतेक टू-के प्रायमरमध्ये जो हार्डनर मिसळावा लागतो त्यात हेक्झामिथिलीन डायआयसोसायनेटपासून केलेली रसायने असतात. आयसोसायनेट हा शब्द मध्य प्रदेशातील माणसाला अनोळखी नसावा. इंदूरपासून दोनशे किलोमीटरच्या आत असलेल्या भोपाळमध्ये २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री जो वायू सुटला तो मिथाइल आयसोसायनेट होता. आमच्या डब्यातील रसायन त्याच कुळातील, परंतु वेगळे आहे. ते इतक्या सहज उडत नाही आणि त्याने एका रात्रीत माणसे मरत नाहीत. मात्र स्प्रे गनने त्याचा सूक्ष्म फवारा केला की ते श्वासातून खोलवर जाते, आणि काही लोकांच्या शरीराला त्याची अशी संवेदनशीलता जडते की पुढे अत्यल्प मात्रेनेही दम्याचा झटका येतो. व्यवसायजन्य दम्याच्या प्रमुख कारणांत आयसोसायनेट मोडते आणि वाहनांना रंग देणारे कारागीर त्याचे नेहमीचे बळी आहेत. युनियन कार्बाइडचा ३३७ टन कचरा जानेवारी २०२५ मध्ये जाळण्यासाठी पीथमपूरला आणला गेला, तेव्हा आमच्या भागात घराघरांत त्याचीच चर्चा होती आणि ती चिंता रास्त होती. त्या चर्चेत मी स्वतःही तावातावाने बोलत होतो, आणि तेव्हा माझ्याच गॅरेजच्या फळीवर हार्डनरचे सहा डबे होते.

आता मुखवट्याविषयी. थिनर आणि बेस कोट (क्लिअर कोटखालचा रंगाचा थर) यांच्या कामात त्याने पहिल्या दिवसापासून स्पष्ट फरक दाखवला. मदतनीस मुलगा संध्याकाळी घरी जाताना नेहमी डोके दुखत असल्याचे सांगत असे. दुसऱ्या आठवड्यापासून त्याने ती तक्रार केली नाही, आणि मी मुद्दाम विचारले तेव्हा तो म्हणाला, "दादा, आता घरी गेल्यावर आईच्या भाजीचा वास येतो." गन धुताना, जेव्हा थिनरची वाफ सर्वांत दाट असते, तेव्हाही मुखवटा नीट बसवलेला असेल तर वास जवळजवळ येत नाही. पुट्टी घासताना समोरची चकती राखाडी होते, पण नाकातून काळे येणे थांबले आहे.

तो नीट बसला आहे की नाही हे पाहण्याची रीत प्रत्येकाने शिकून घेतलीच पाहिजे, कारण मुखवट्याची निम्मी किंमत तिच्यातच आहे. दोन्ही कार्ट्रिजवर तळवे दाबून हळू श्वास आत ओढावा. मुखवटा चेहऱ्याकडे ओढला जाऊन तसाच राहिला तर कड बंद आहे. मग पुढची झडप तळव्याने झाकून हलकेच फुंकावे. कडेने हवा निसटली तर पट्टे पुन्हा जुळवावेत. वाफेच्या कार्ट्रिजसाठी केळ्यासारख्या वासाच्या आयसोअमाइल ॲसिटेटची चाचणीही घेतात, आणि पीथमपूरच्या एका कारखान्यात काम करणाऱ्या माझ्या मामेभावाने ती आम्हाला एकदा करून दाखवली. मला मध्यम आकार बसला, दुसऱ्या पेंटरला मोठा लागला, आणि मदतनीस मुलाचा चेहरा बारीक असल्याने त्याच्यासाठी लहान आकार बदलून आणावा लागला. हा मुखवटा चपलेसारखा मापाने घ्यायचा असतो, हे दुकानदाराने मला सांगितले नव्हते.

त्याच दुकानदाराने पहिल्या वेळी जी कार्ट्रिज दिली ती तर चुकीचीच होती. जांभळट गुलाबी रंगाच्या चकत्या दाखवून त्या सगळ्याला चालतात असे त्याने सांगितले आणि मी विश्वासाने आणल्या. प्रत्यक्षात तो रंग अमेरिकी पद्धतीत उच्च प्रतीच्या कणगाळणीचा आहे. ती वेल्डिंगच्या धुरासाठी उत्तम असते, पण थिनरची वाफ अडवण्यासाठी ती केलेलीच नसते. सेंद्रिय वाफांच्या कार्ट्रिजवर अमेरिकी पद्धतीत काळी पट्टी असते आणि युरोपीय पद्धतीत तपकिरी पट्टी व ए हे अक्षर असते. आपल्या बाजारात दोन्ही पद्धतींचा माल मिळतो आणि विकणाऱ्याला फरक ठाऊक असेलच असे नाही. खोक्यावरचा रंग पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. माल बदलून देताना त्याने कुरकुर केली नाही, एवढे मात्र नमूद करतो.

कार्ट्रिजच्या आत सक्रिय कोळसा असतो, आणि तो बऱ्याचदा नारळाच्या करवंटीपासून केलेला असतो. हा कोळसा काम चालू आहे की बंद हे जाणत नाही. मुखवटा खोलीत उघडा टांगून ठेवला तर तो रात्रभर खोलीतील वाफ शोषत राहतो आणि आधी शोषलेली वाफही त्याच्यात आतल्या बाजूला सरकत जाते. पहिल्या महिन्यात आम्ही मुखवटे खिळ्याला टांगत होतो, त्यामुळे पहिली जोडी आठ-नऊ दिवसांतच वास सोडू लागली. आता प्रत्येकाचा मुखवटा काम संपताच घट्ट झाकणाच्या डब्यात जातो आणि डबा रंगाच्या खोलीबाहेरील कपाटात राहतो. कार्ट्रिजवर चिकटपट्टी लावून त्यावर सुरू केल्याची तारीख लिहिलेली असते आणि पंधरा दिवसांनी, किंवा त्याआधी वास आला तर त्याच दिवशी, जोडी बदलली जाते. पावसाळ्यात हवेतील ओलावा कोळशाची जागा अडवतो, म्हणून श्रावण-भाद्रपदात आम्ही ती दहा दिवसांवर आणली. हा खर्च मुखवट्याच्या किमतीपेक्षा बराच मोठा आहे आणि घेणाऱ्याने तो आधीच हिशेबात धरावा.

सोयीच्या बाबतीत माझे मत मिश्र आहे. थंडीत तो तासभर सहज सहन होतो, परंतु ऑक्टोबरच्या उकाड्यात आणि आता पुन्हा मार्चमध्ये घामाने कड सरकते आणि चेहऱ्यावर रेघ उमटते. बोललेले समोरच्याला कळत नाही, म्हणून माणूस मुखवटा खाली ओढून बोलतो आणि नेमक्या त्याच क्षणी भरपूर वाफ आत घेतो. आम्ही यावर खुणा ठरवल्या आहेत आणि बोलायचे असेल तर खोलीबाहेर यायचे, असा नियम आहे. मुखवटा थिनरने पुसू नये, त्याने कड फुगते. कोमट पाणी आणि साबण पुरेसा असतो, मात्र धुण्यापूर्वी कार्ट्रिज काढून ठेवावीत. आठ महिन्यांत एका मुखवट्याचा पट्टा सैल झाला, बाकी दोन्ही उत्तम स्थितीत आहेत.

या मुखवट्याची खरी मर्यादा मला उशिरा समजली आणि तीच या लेखाचे कारण आहे. थिनरचा वास आला की कार्ट्रिज संपले हे कळते. आयसोसायनेटची मात्रा धोक्याच्या पातळीवर पोहोचली तरी नाकाला त्याची चाहूल लागत नाही, आणि वास येईपर्यंत ती पातळी कधीच ओलांडलेली असते. शिवाय अर्धमुखी मुखवटा अगदी व्यवस्थित बसला तरी बाहेरच्या हवेतील प्रदूषण साधारण एक दशांशावर आणतो, असेच त्याच्याबाबत गृहीत धरले जाते. ब्रिटनमध्ये आयसोसायनेटची आठ तासांची सरासरी मर्यादा घनमीटरमागे ०.०२ मिलिग्रॅम इतकी कडक आहे आणि टू-के रंगाचा फवारा करणाऱ्यासाठी नळीने स्वच्छ हवा पुरवणारे साधन वापरावे असे तेथील सुरक्षा यंत्रणा सांगते. म्हणजे ज्या कामासाठी मी हे मुखवटे मुख्यतः आणले, त्याच कामासाठी ते अपुरे होते.

उस्तादांच्या बाबतीत तर ते कोणत्याच कामासाठी पुरेसे नव्हते. त्यांची दाढी आहे, ती त्यांच्या श्रद्धेचा भाग आहे, आणि दाढीवर अर्धमुखी मुखवट्याची कड कधीही बंद होत नाही. तळवे दाबून श्वास ओढला तेव्हा हवा कडेने सळसळत आत आली. ते स्वतःच म्हणाले, "भैया, हा माझ्यासाठी शोभेचाच झाला." दाढी काढा असे सांगण्याचा अधिकार मला नाही आणि तसे सांगावे असे मला वाटलेही नाही. साधन माणसाला साजेसे शोधायचे असते.

ऑगस्टमध्ये त्यांना छातीच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी श्वासाचा जोर मोजणारे लहानसे प्लास्टिकचे यंत्र दिले आणि तीन-चार आठवडे, कामाच्या दिवशी आणि सुट्टीच्या दिवशीही, दिवसातून किमान चार वेळा फुंकून आकडा वहीत लिहायला सांगितले. वही भरल्यावर वेगळे काही समजावून देण्याची गरज उरली नाही. कामाच्या दिवशी संध्याकाळपासून आकडे घसरत आणि रविवारनंतर थोडे वर येत. अशी यंत्रे औषधांच्या दुकानात काही शे रुपयांत मिळतात. रंगाच्या प्रत्येक गॅरेजात एक असावे असे मला वाटते, कारण हे लक्षण घड्याळाच्या मागे लपते : रसायन दुपारी श्वासात जाते आणि खोकला मध्यरात्री येतो. डॉक्टरांनी हार्डनर असलेल्या कोणत्याही रंगापासून उस्तादांना पूर्णपणे दूर ठेवायला सांगितले, कारण संवेदनशीलता जडल्यावर चांगल्यातले चांगले साधनही सुरक्षिततेची हमी देत नाही.

नोव्हेंबरमध्ये आम्ही क्लिअर कोटसाठी हवा पुरवणारा हूड घेतला. तो डोक्यावरून सैल बसतो, सतत येणाऱ्या हवेमुळे आतला दाब बाहेरच्यापेक्षा जास्त राहतो आणि त्यामुळे दाढी-मिशीची अडचण येत नाही. दुसरे पेंटर आता तो वापरतात. येथे एक इशारा देणे आवश्यक आहे. गनला हवा देणाऱ्या आपल्या नेहमीच्या तेलाच्या कंप्रेसरची नळी सरळ हूडला जोडू नये. त्या हवेत तेलाचा अंश येतो आणि कंप्रेसर तापला तर कार्बन मोनॉक्साइडही येऊ शकतो, ज्याला वास नसतो. आम्ही तेलविरहित कंप्रेसर वेगळा घेतला, त्याची हवा ओढणारी बाजू रस्त्यापासून आणि रंगाच्या खोलीपासून दूर, मागच्या अंगणात ठेवली आणि मध्ये गाळण्या बसवल्या. सगळे मिळून साठ हजारांच्या घरात खर्च आला आणि तो मला एका हप्त्यात झेपला नाही.

हूड असला तरी तो लवकर काढला तर निरर्थक ठरतो. रंग कसा बसला हे पाहण्यासाठी पेंटर फवारा थांबताच तोंड उघडे करतो, पण डोळ्यांना न दिसणारा फवारा तेव्हा खोलीत तरंगतच असतो. आमची खोली किती वेळात स्वच्छ होते हे पाहण्यासाठी आम्ही एका संध्याकाळी ज्वलनशील माल बाहेर नेऊन, खोली रिकामी करून आणि हवा पूर्ण मोकळी झाल्यावर भरपूर धूप जाळला. मग धूपाटणे बाहेर काढून एक्झॉस्ट पंखा लावला आणि घड्याळ धरले. दिव्याच्या झोतात धूर पूर्ण दिसेनासा व्हायला अकरा मिनिटे लागली. आता दारावर पंधरा मिनिटांचा नियम लिहिलेला आहे. हातमोज्यांचीही अशीच गोष्ट आहे. आयसोसायनेट त्वचेवाटेही संवेदनशीलता जडवू शकते असे मानले जाते, म्हणून हार्डनर ओतताना आणि गन धुताना नायट्राइलचे मोजे घालावेत. थिनरने उघडे हात धुण्याची सवय तर सर्वांनीच सोडावी.

आमच्यासारख्या गॅरेजात कोणी तपासणीला येत नाही. कारखाना अधिनियम, १९४८ हा विजेवर चालणाऱ्या कामात दहा किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणांना धरून लिहिला गेला, आणि इंदूरमधील छोटी गॅरेजे तीन, चार, पाच माणसांवर चालतात. त्यामुळे असे साधन घ्यायचे की नाही हे मालकाच्या मनावर आणि ग्राहकाने दिलेल्या दरावर ठरते. मी बंपरच्या रंगकामाचा दर दीडशे रुपयांनी वाढवला आणि विचारणाऱ्या ग्राहकाला कारण सांगितले. दोघे-तिघे दुसरीकडे गेले, बाकीचे राहिले.

घेणाऱ्यांसाठी माझा सल्ला असा आहे. पुट्टी घासणे, थिनरने पुसणे, गन धुणे आणि हार्डनर नसलेला बेस कोट मारणे या कामांसाठी हा अर्धमुखी रेस्पिरेटर निःसंकोच घ्यावा, सेंद्रिय वाफांची कार्ट्रिज आणि कणांची चकती दोन्ही लावून वापरावा आणि चेहरा गुळगुळीत असेल तरच त्यावर भरवसा ठेवावा. टू-के क्लिअर आणि टू-के प्रायमरच्या फवाऱ्यासाठी तो पुरेसा समजू नये. हूड घेण्याची ऐपत येईपर्यंत ते काम हवा पुरवणारे साधन आणि रंगकामाचा बंदिस्त बूथ असलेल्या एखाद्या गॅरेजात भाडे देऊन करून घेणे शक्य आहे, आणि नोव्हेंबरपर्यंत आम्ही तेच केले. मुखवटा घेताना माणसाला दुकानात सोबत न्यावे, कारण माप त्याच्या चेहऱ्याचे घ्यायचे असते.

उस्ताद आता शेड जुळवतात, रंग तयार करतात आणि मुलाला बेस कोटचा हात कसा फिरवायचा ते शिकवतात. हार्डनर मिसळण्याचे टेबल त्यांच्या जागेपासून वेगळ्या खोलीत हलवले आहे. फुंकण्याचे यंत्र त्यांच्या शेजारी खिडकीत असते आणि वही अजून चालू आहे. फेब्रुवारीत रात्री उठावे लागल्याच्या दोन नोंदी आहेत, मार्चमध्ये आजपर्यंत एकही नाही.